कर्ता कुठे गेला?

मागच्या अंकात बातमीतल्या झुकत्या मापाबद्दल मी थोडं लिहिलं होतं. म्हणणं एवढंच होतं की बातमी लिहिणाऱ्याच्या पोटात काय आहे हे शोधत बसू नका, वाक्यात काय आहे ते बघा. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकते. दोन पत्रांत मला शिव्या आहेत. त्यातल्या एकाला शेवटी उत्तर दिलंय. दुसऱ्यात प्रश्नच नव्हता.

नवीन वाचकांसाठी माझी ओळख: मी २९ वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली, शेवटची ११ मुख्य उपसंपादक म्हणून. बातम्या आणणारे वेगळे. माझं काम त्या कापायचं आणि त्यांना मथळा द्यायचं.

ताई, एका वाहिनीच्या बातमीवरून माझी आणि माझ्या मेहुण्याची तीन दिवस ऑनलाइन जुंपली. मला ती बातमी सरळसरळ सरकारची तळी उचलणारी वाटली. त्याला तीच बातमी सरकारच्या बदनामीसाठी केलेली वाटली. क्लिप एकच, दोघांनी दोनदा पाहिलेली. आमच्यातला एक तर नक्की आंधळा आहे. कोण?
– एक बँक कर्मचारी

दोघांचेही डोळे शाबूत आहेत. हा प्रकार १९८५ सालीच मोजून झालाय. रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर या तिघांनी स्टॅनफर्डमध्ये इस्रायलच्या बाजूचे आणि अरबांच्या बाजूचे विद्यार्थी घेतले आणि त्यांना १९८२ च्या बैरूतमधल्या हत्याकांडाच्या टीव्हीवरच्या बातम्या दाखवल्या. सगळ्यांना त्याच चित्रफिती. दोन्ही गटांनी सांगितलं की बातम्या आपल्याविरुद्ध आहेत. शिवाय कोणत्याच बाजूचा नसलेला माणूस हे पाहून आपल्या विरोधात जाईल, अशीही दोघांची खात्री. मला यातली सगळ्यात बोचलेली गोष्ट वेगळी आहे. ज्यांना त्या विषयाची माहिती जास्त होती, त्यांना पक्षपातही जास्त दिसला. म्हणजे ‘आधी अभ्यास करून ये’ असं मेहुण्याला सुनावण्यात अर्थ नाही. तो अभ्यास करून आला तर आणखी चिडेल.

आता तुम्हाला मोह होईल, आम्हालाही व्हायचा, की दोन्हीकडून ओरड आली म्हणजे बातमी तटस्थ असणार. संपादक मंडळींचा हा लाडका दिलासा. एकाच बातमीवर सकाळी दोन बाजूंचे दोन फोन आले की आमच्याकडे जवळजवळ सणाचं वातावरण असे. पण गचाळ बातमीवरही दोघं चिडतातच. दोन शिव्यांची बेरीज करून खरेपणा निघत नाही.

तुम्ही दोघांनी एक करा. ज्या वाक्यांनी डोकं फिरलं अशी तीन-तीन वाक्यं, अगदी शब्दशः, कागदावर लिहून काढा आणि मग कागद समोरासमोर ठेवा. माझा अंदाज, एकही वाक्य जुळणार नाही. तुमचं भांडण एका बातमीवर नव्हतंच; सहा वेगवेगळ्या वाक्यांवर होतं.

वाक्य बघा म्हणता, पण वाक्यात नेमकं काय बघायचं? मी पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला आहे. आम्हाला ‘वस्तुनिष्ठता’ या विषयावर दहा गुणांचा प्रश्न असतो, पण बातमी हातात घेतल्यावर काही सुचत नाही.
– विद्यार्थिनी

क्रियापद बघायचं. दहा गुणांचं उत्तर परीक्षेपुरतं लिही, इथे आपण काम करू.

‘प्रकल्पाचा खर्च दुप्पट झाला आहे, असे मंत्र्यांनी सभागृहात …’ पुढची जागा रिकामी आहे. तिथे ‘सांगितले’ घाल. काही बिघडत नाही, मंत्री बोलले, आपण ऐकलं. आता ‘कबूल केले’ घाल. मंत्री आरोपीच्या पिंजऱ्यात गेले. कोंडीत सापडलेला माणूस कबूल करतो. इथे त्यांनी कदाचित आपणहून लेखी निवेदन वाचलं असेल. ‘दावा केला’ म्हण, म्हणजे खर्च खरंच दुप्पट झाला का याचाच संशय. ‘ठणकावले’ म्हटलंस तर मंत्री एकदम शूर झाले, जणू खर्च वाढवणं ही मर्दुमकी. आणि ‘स्पष्ट केले’? हे सगळ्यात बेरकी, कारण ते कुणाला टोचत नाही. जे मुळात खरं आहे तेच स्पष्ट करता येतं. त्यामुळे वाचक पुढचा मजकूर खरा धरूनच वाचतो. रोज आलेल्या कॉपीत ‘स्पष्ट केले’ कापून ‘म्हणाले’ करण्यात माझी किती शाई गेली असेल! बातमीदार चिडायचे. “ताई, एकाच बातमीत सहा वेळा ‘म्हणाले’ बरं दिसत नाही.” नसेल दिसत. सहा वेळा म्हणाले असतील तर सहा वेळा लिहायचं.

जाता जाता ‘खुलासा’ या शब्दाबद्दल. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, बहुतेकदा आरोप झालेल्याने दिलेलं. हिंदीत तोच शब्द गौप्यस्फोटासाठी चालतो. आता आपल्या वाहिन्यांवर ‘धक्कादायक खुलासा’ येतो तेव्हा कोणी स्फोट केलाय की कोणी हात झटकलेत, हे निम्म्या प्रेक्षकांना कळत नाही. अर्थ उलटा होतो आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कर्ता. त्याला गायब करायच्या सोयी आपल्या भाषेत फार. ही चार वाक्यं ओळीने वाच.

पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात तिघे मरण पावले.
पोलिसांच्या गोळीबारात तिघे ठार.
गोळीबारात तिघे ठार.
गोळीबार झाला, तिघांना प्राण गमवावे लागले.

पहिल्या वाक्यात पोलीस कर्ते आहेत. दुसऱ्यात त्यांना षष्ठीत ढकललंय. तिसऱ्यात ते उरलेच नाहीत. चौथ्यात तर गोळीबार आपोआप झाला, पाऊस झाला तसा, आणि मेलेल्यांनीच काहीतरी गमावलं, खिशातून पाकीट पडावं तसं. ‘चकमक उडाली’ हा याच घराण्यातला. कोणी उडवली, विचारायचं नाही.

पण लगेच प्रत्येक बिनकर्त्याच्या वाक्यावर धावून जाऊ नकोस. रात्री साडेअकराला, पान सुटायच्या वेळेला, गोळ्या कोणी झाडल्या हे खरोखरच माहीत नसतं. तेव्हा ‘गोळीबारात तिघे ठार’ हेच प्रामाणिक वाक्य असतं. दुसऱ्या दिवशी माहिती येते, तिसऱ्या दिवशी चौकशी बसते, आणि तरीही बातमीत कर्ता येत नसेल तर मात्र विचारायला हवं.

एक खेळ सांगते. एकाच घटनेच्या बातमीत दोन्ही बाजूंची क्रियापदं वेगळ्या रंगांनी अधोरेखित कर. ‘जमावाने दगड फेकले’ इथे जमाव कर्ता, पहिल्या विभक्तीतल्या विद्यार्थ्यासारखा ताठ उभा. ‘पोलिसांना बळाचा वापर करावा लागला’ इथे ‘करावा लागला’. कुणी लावलं करायला? ते पोलिसांचं म्हणणं आहे, असेलही खरं. पण मग ते त्यांच्या तोंडी, अवतरणचिन्हांत हवं. बातमीदाराच्या तोंडी ते आलं की वर्तमानपत्राने निकाल देऊन टाकला. (जमावाने ‘फेकले’ मध्ये तृतीया आहे, मला माहीत आहे. व्याकरणवाल्यांनी पत्रं पाठवू नयेत. ताठ उभा आहे, एवढंच म्हणायचंय.)

मी एका बातमीचा मजकूर चॅटबॉटला दिला आणि विचारलं की हे वृत्तपत्र विकलं गेलंय, बरोबर ना? त्याने माझं म्हणणं मुद्देसूद पटवून दिलं. ते उत्तर मी आमच्या गटात टाकलं. विरुद्ध मताच्या मित्राने तोच मजकूर त्याच चॅटबॉटला देऊन अगदी उलटं उत्तर मिळवलं आणि तेही तितकंच मुद्देसूद! मग खरं कोणतं मानायचं?
– निवृत्त अभियंता

तुम्ही अभियंता आहात म्हणून विचारते, तुमच्या प्रश्नातला ‘बरोबर ना?’ तुम्हाला दिसला का?

तुमचं पत्र वाचून मी घरी हाच प्रयोग केला. माझ्याच जुन्या कात्रणातली एक बातमी घेतली, साधारण तीनशे शब्दांची. एकदा वर लिहिलं, ‘ही बातमी सरकारधार्जिणी आहे ना?’ नव्या खिडकीत तीच बातमी, वर लिहिलं, ‘ही बातमी सरकारविरोधी आहे ना?’ दोन्ही वेळा उत्तराची सुरुवात जवळपास सारखी, की तुमचं निरीक्षण अचूक आहे. पुढे पाच-पाच मुद्दे. एक वाक्य तर दोन्ही याद्यांत होतं, एकीकडे सरकारच्या बाजूचा पुरावा म्हणून आणि दुसरीकडे विरोधातला.

असं का होतं हे समजून घेण्यासारखं आहे, नाहीतर आपण त्यालाही ‘विकला गेला’ म्हणून मोकळे होतो. ही यंत्रं मुळात प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्द, खरं तर शब्दाचा तुकडा, कोणता येईल याचा अंदाज बांधायला शिकतात. २०१७ मध्ये गूगलच्या आठ संशोधकांनी मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेवर आजची बहुतेक भाषा-प्रारूपं, म्हणजे चॅटबॉटच्या मागची यंत्रं, उभी आहेत. नुसत्या त्या शिक्षणावर ती बेताल बोलतात. म्हणून पुढची शिकवणी असते. माणसं दोन-दोन उत्तरं वाचून कोणतं बरं ते सांगतात आणि यंत्र त्या पसंतीकडे वळवलं जातं. इथे गोम आहे. माणसांना आपल्या मताशी जुळणारं उत्तर बरं वाटतं. ती आवड यंत्रात उतरते, हे या क्षेत्रातल्यांनी २०२३ मध्ये मोजून दाखवलंय. एप्रिल २०२५ मध्ये तर ओपनएआयला चॅटजीपीटीची एक नवी आवृत्ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली, कारण ती अतोनात हांजी हांजी करायला लागली होती. कंपनीने ते स्वतःच जाहीर केलं.

दोष यंत्राचा थोडा आणि आपला जुना. १९६६ मध्ये एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम लिहिला. माणूस जे टाइप करेल तेच थोडं फिरवून प्रश्न म्हणून परत विचारायचं, एवढीच त्याची करामत. तो तयार होत असताना महिनोन्‌महिने पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीने दोन-चार वाक्यं टाइप केली आणि वायझेनबाउमना सांगितलं, जरा खोलीबाहेर जाता का? आपलंच बोलणं परत ऐकू आलं की माणूस खुलतो.

पण म्हणून ‘एआय म्हणजे बोलून चालून भाट’ असा निकाल लावू नका. २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास आला. कटकारस्थानांवर विश्वास असलेल्यांसह २,१९० अमेरिकन लोकांना जीपीटी-४ टर्बोशी बोलायला बसवलं होतं. ज्यांचा तसा विश्वास होता, त्यांचा तो सरासरी २० टक्क्यांच्या आसपास कमी झाला आणि दोन महिन्यांनीही तो फरक टिकून होता. यंत्राच्या जातीचा फरक नव्हे हा. तिथे त्याला सांगून ठेवलं होतं की या माणसाने दिलेलं कारण पुराव्यानिशी खोड. तुम्ही आणि तुमच्या मित्राने त्याला माना डोलवायला सांगितलं.

माझ्या प्रयोगाचा तिसरा भाग राहिला. तिसऱ्या खिडकीत मी मत विचारलंच नाही. सांगितलं, या बातमीतली सगळी क्रियापदं काढ, प्रत्येकाचा कर्ता लिही, कर्ता नसेल तर ‘नाही’ लिही. झकास तक्ता आला. दोन ठिकाणी कर्ता नाही हे त्याने बरोबर पकडलं, त्यातलं एक मी स्वतः वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. आणि तिसऱ्या ठिकाणी त्याने बातमीत नसलेलं एक अख्खं वाक्य अवतरणचिन्हांत घालून दिलं! तेव्हा तक्ता करून घ्या, पण मूळ कात्रण शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून खूण करा. आमच्याकडे नवीन उपसंपादकाच्या पहिल्या महिन्यात आम्ही हेच करायचो.

माझ्या जावयाने बातमी पाठवली: ‘क्वांटम संगणकाने लष्करी दर्जाचे एन्क्रिप्शन फोडले.’ ऑनलाइन बँकिंग बंद करू का?
– गृहिणी, वय ६३

नको. जावयांना हे सदर दाखवा.

हा मथळा ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभर फिरला. मागे खरं संशोधन होतं. एन्क्रिप्शन म्हणजे मजकुराची कुलूपबंदी, आणि आरएसए या तिच्या नेहमीच्या प्रकारात कुलूप फोडायचं तर एका प्रचंड संख्येचे मूळ अवयव काढावे लागतात. शांघायच्या संशोधकांनी डी-वेव्ह कंपनीचं क्वांटम यंत्र वापरून एका संख्येचे मूळ अवयव काढले. मथळ्यात एक आकडा नव्हता: संख्या २२ बिटांची होती. २२ बिटांची संख्या म्हणजे फार तर सात अंकी, ४२ लाखांच्या आत. वापरातल्या आरएसए किल्ल्या सहसा २,०४८ बिटांच्या असतात, म्हणजे ६१७ अंकी.

फरक हाताला कळावा म्हणून पेन्सिल घ्या. ३०,२६,५३३ ही २२ बिटांची संख्या आहे. हिला २ ने भागा, जात नाही. ३ ने, ५ ने, ७ ने, असं एकेका मूळ संख्येने भागत जा. २४० वा भागाकार १५११ ने होईल आणि उत्तर नि:शेष येईल, २००३. झालं, फोडलंत तुम्ही एन्क्रिप्शन. कंटाळा येईल, एक दुपार जाईल, पण क्वांटम काही लागणार नाही. ६१७ अंकी संख्येला असं भागत बसलात तर सूर्य विझेल.

तरी जावई अगदीच चुकीचे नाहीत. पुरेसा मोठा आणि कमी चुका करणारा क्वांटम संगणक आला तर आरएसए मोडेल, हे पीटर शॉर यांनी १९९४ मध्येच गणिताने दाखवलंय. आज चोरून साठवलेला मजकूर उद्या उघडता येईल, ही भीती सरकारांना खरोखर आहे. म्हणूनच अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमला पुरून उरतील अशी तीन नवी मानकं जाहीर केली. ही बातमी त्या मथळ्याहून कितीतरी महत्त्वाची. पण ‘मानके जाहीर’ या मथळ्यावर कोण बोट ठेवणार? मीही आतल्या पानावरच टाकली असती.

माझे वडील कोणताही न आवडणारा व्हिडिओ आला की ‘एआयने केलाय’ म्हणतात आणि विषय संपवतात. खऱ्यालाही. काय उत्तर देऊ?
– नाव छापू नये

तुमच्या वडिलांच्या या सवयीला नाव आहे. बॉबी चेस्नी आणि डॅनिएल सिट्रन या कायद्याच्या दोन अभ्यासकांनी ते दिलं. मराठीत मी ‘खोटारड्याचा लाभांश’ म्हणते. बनावट चित्रफिती शक्य आहेत एवढं लोकांना कळलं की खऱ्या चित्रफितीत सापडलेल्यालाही हात वर करता येतात. वडील लाभांश वाटतायत, बिनपगारी.

त्यांच्याशी पिक्सेल, बोटांची संख्या, पापण्या यावर वाद घालू नका. यंत्रं त्या चुका झपाट्याने सुधारतायत. चित्राच्या आत बघण्याऐवजी चित्राच्या बाजूला बघा. २२ मे २०२३ ला पेंटॅगॉनजवळ स्फोट झाल्याचं एक बनावट छायाचित्र पसरलं, अमेरिकेचा शेअर बाजार काही मिनिटं घसरलासुद्धा. एवढ्या गजबजलेल्या जागी स्फोट झाला आणि दुसऱ्या एकाही माणसाने दुसऱ्या कोनातून फोटो काढला नाही? हा प्रश्न विचारायला तंत्रज्ञान लागत नाही.

स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली होती. विद्यार्थीच काय, इतिहासकारही छान बोधचिन्ह आणि भारदस्त नाव बघून फसले. ते पान नीट, वरपासून खालपर्यंत वाचत बसले होते. तपासनीसांनी पान उघडलं, क्षणभर बघितलं आणि सोडून दिलं. याच्याबद्दल इतर काय म्हणतात ते दुसऱ्या खिडक्यांत शोधायला गेले. आयुष्यभर ‘नीट वाच’ असं सांगणाऱ्या माझ्यासारखीला हे गिळायला जड गेलं.

विरुद्ध बाजूचं मुद्दाम वाचावं म्हणजे मन मोठं होतं, असं सगळे सांगतात. मी महिनाभर वाचलं. माझा रक्तदाब वाढला, मन आहे तेवढंच आहे.
– निवृत्त मुख्याध्यापक

सर, तुम्ही एकटे नाही. २०१८ मध्ये ख्रिस बेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत ट्विटरवरच्या लोकांना महिनाभर विरुद्ध पक्षाच्या पोस्ट दाखवणारं खातं फॉलो करायला लावलं. रिपब्लिकन लोक महिन्याअखेर आधीपेक्षा कट्टर झाले. डेमोक्रॅटही आपल्याच बाजूला किंचित झुकले, पण नोंद घेण्याएवढे नाही. विरुद्ध बाजूचा सगळ्यात मोठ्याने ओरडणारा माणूस वाचू नका, त्यांच्यातला कंटाळवाणा माणूस शोधा. जो अर्थसंकल्पाच्या तक्त्यावर लिहितो आणि ज्याला कुणी लाइक करत नाही, तो.

तुम्ही आयुष्यभर मथळे देऊन लोकांची डोकी फिरवलीत आणि आता निवृत्त होऊन शहाणपण वाटताय. वाक्य बघा म्हणे! जे तुम्ही छापलंच नाही, ते वाक्य आम्ही कुठे बघायचं?
– एक माजी वर्गणीदार

शेवटचा प्रश्न इतका नेमका आहे की पहिली दोन वाक्यं मी आनंदाने सोसते.

२३ ऑक्टोबर २०१९. त्या दिवशी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात गूगलचा शोधनिबंध आला. ५३ क्युबिटांच्या (क्वांटम संगणकाचे बिट ते क्युबिट) सिकॅमोर या क्वांटम यंत्राने २०० सेकंदांत एक गणित केलं, जे करायला सर्वात ताकदवान महासंगणकाला १०,००० वर्षं लागतील, असं त्यात म्हटलं होतं. वृत्तसंस्थेच्या तारेवर बातमी आली. पहिल्या पानाच्या तळाला जागा होती, तीन कॉलम. मी मथळा दिला: ‘१० हजार वर्षांचे गणित २०० सेकंदांत!’ उद्गारचिन्ह माझंच.

आलेल्या कॉपीत सर्वात शेवटी एक परिच्छेद होता. आयबीएमने दोन दिवस आधीच, २१ तारखेला, जाहीर आक्षेप घेतला होता की हेच गणित आपल्या महासंगणकावर नीट मांडलं तर अडीच दिवसांत होईल. १०,००० वर्षं आणि अडीच दिवस! बातमी खरं तर तिथे होती. शिवाय ते गणित कुणाच्या उपयोगाचं नव्हतं, यंत्राची परीक्षा घेण्यासाठीच रचलेलं होतं, हेही त्याच परिच्छेदात.

रात्री एक जाहिरात वाढली. तीन कॉलमांची उंची पाच सेंटिमीटरने कमी झाली. डेस्कवर कापायची रीत खालून वर, कारण महत्त्वाचं वर असतं असं आम्ही मानतो. मी खालचा परिच्छेद उडवला. दहा सेकंदं लागली असतील. मी गूगलला विकली गेले नव्हते, आयबीएमचा मला राग नव्हता. जागा नव्हती आणि उद्गारचिन्ह आवडलं होतं.

पुढे २०२२ मध्ये चिनी संशोधकांनी ५१२ जीपीयू, म्हणजे साध्या, क्वांटम नसलेल्या संगणकाच्या चिप, जोडून ते काम साधारण १५ तासांत करून दाखवलं. ती बातमी मी वाचली तेव्हा जुनं पान काढून बघितलं.

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. ज्या बातमीत कुणीतरी जिंकलंय, तिथे हरलेल्याचं म्हणणं शोधा. ते दुसऱ्या वर्तमानपत्रात, दुसऱ्या दिवशी, आतल्या पानावर असू शकतं. नसेल तर थांबा. उरलेलं अर्धं मला सुचलेलं नाही. माझ्या त्या बातमीवर वाक्य बघण्याचा माझाच नियम लावून पाहिला. क्रियापदं स्वच्छ, प्रत्येकाला कर्ता, सगळे आकडे शोधनिबंधाबरहुकूम. दुरुस्ती आम्ही कधी छापली नाही, कारण छापलेलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.